एक वर्ष परदेशात : भटकंती आणि स्वयंसेवा – कोणी केलंय का?

पायवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय २६, मूळची कराडची, सध्या पुण्यात आयटीत टेस्टिंगचं काम करते. शिक्षण संपलं आणि लगेच नोकरी लागली, मधे उसंत अशी मिळालीच नाही. आता वर्षभर नोकरी सोडून परदेशात जायचं मनात पक्कं आहे. नुसतं फिरायचं नाहीये. एका जागी राहावं, काम करावं, तिथल्या माणसांत मिसळावं असं वाटतं.

कच्चा बेत असा: आधी तीन महिने नेपाळमध्ये एका अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवायचं. एक एजन्सी पैसे घेऊन सगळी व्यवस्था करते. मग युरोपात शेतांवर काम करायचं, त्याबदल्यात राहणं-जेवण मिळतं म्हणे. शेवटी कुठेतरी समुद्री कासवांसाठी काम. सहा लाखांच्या आसपास साठवले आहेत.

व्हिसाचं काय, परत आल्यावर नोकरीचं काय, हे प्रश्न आहेतच. आई म्हणते, आधी लग्न कर आणि मग दोघं मिळून जा. पण खरा छळणारा प्रश्न वेगळा आहे: मी तिथे जाऊन खरंच कुणाच्या उपयोगी पडणार आहे का? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

रानमोगरा

रुमाल टाकून ठेवते. मलाही हेच विचारायचं होतं.

हिंजवडीकर

नोकरीचं मी सांगतो, कारण भरतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो.

वर्षभराची गॅप आता पूर्वीसारखी खटकत नाही, पण ती लपवायला गेलात तर मात्र अडचण होते. पार्श्वभूमी तपासणीत रिलीव्हिंग लेटर आणि पीएफच्या नोंदी बघतात, त्यात रिकामे महिने दिसतातच. त्यामुळे जिथे जिथे काम कराल तिथून लेटरहेडवर पत्र घ्या: कधीपासून कधीपर्यंत, काय काम केलं, कोणाच्या हाताखाली. सहा महिन्यांनी ईमेल करून मागण्यापेक्षा निघतानाच मागा.

राजीनामा देण्याआधी एचआरला बिनपगारी रजेबद्दल विचारून बघा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत सोय असते, कोणी विचारतच नाही.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, आरोग्य विमा. कंपनीचा गटविमा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. नंतर नव्याने पॉलिसी काढली तर आधीच्या आजारांसाठी पुन्हा थांबायचा काळ सुरू होतो. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, ती राजीनाम्याआधीच समजून घ्या. परदेशातला प्रवास विमा वेगळा, तो घ्यायचाच.

बारावी_पास

मी आत्ताच बारावी झालोय. वर्ष सोडलं तर पुढे प्रवेश मिळतो का?

हिंजवडीकर

@बारावी_पास, मिळतो. प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, त्या वर्षात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं त्यात लिहून द्यायचं. सेतू कार्यालयात किंवा वकिलाकडून होऊन जातं. मात्र जायच्या आधी त्या त्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा आणि तिचे गुण किती काळ चालतात ते बघून ठेव.

किल्लारीचा

पायवाटताई, नेपाळच्या अनाथाश्रमाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. कृपया शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

मी सिव्हिल इंजिनिअर, लातूर जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचं गाव झोपेत गाडलं गेलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यामुळे २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप झाला तेव्हा मला राहवलं नाही. काही महिन्यांनी गेलो, गोरखा जिल्ह्यात राहिलो. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, त्यामुळे जाणं सोपं.

तिथे असताना अनाथाश्रमांचा प्रकार जवळून कळला. आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफही सांगत आलंय. मग ही मुलं तिथे कशी? १९९६ ते २००६ माओवादी संघर्षाचा काळ होता. हुमला, जुमला अशा दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतून दलाल फिरायचे आणि सांगायचे, पोराला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो, इथे राहिलं तर बंदुकवाले उचलून नेतील. आईबाप शेत विकून, कर्ज काढून पैसे द्यायचे. पोर शहरात यायचं आणि कागदावर अनाथ व्हायचं. युद्ध संपलं तरी धंदा थांबला नाही, कारण तोवर परदेशी देणगीदार आणि पैसे भरून येणारे स्वयंसेवक यांची रांग लागली होती. म्हणून तर देशातले बहुसंख्य आश्रम काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या जागीच सापडतात. अनाथ मुलं काय फक्त पर्यटकांच्या वाटेवरच जन्मतात?

सगळेच आश्रम असे नाहीत, हे मान्य. पण तुम्ही एजन्सीला पैसे भरून तीन महिन्यांसाठी जाणार असाल तर चांगला कोणता आणि दुकान कोणतं हे बाहेरून ओळखता येणार नाही. आणि आश्रम चांगला असला तरी मुलांचं काय? दर तीन महिन्यांनी नवी ताई येते, जीव लावते, निघून जाते. मी गेलेल्या एका आश्रमात पाचेक वर्षांची मुलगी होती. दारात पाय ठेवला आणि नाव विचारायच्या आधीच माझ्या मांडीवर येऊन बसली. सोबतच्या परदेशी मुलांना ते फार गोड वाटलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आईबापांच्या घरात वाढलेलं पोर अनोळखी माणसाला आधी पदराआडून बघतं, कधी पळून जातं, पाठ केलेलं हसत नाही.

कोथरूडची_स्नेहा

बाप रे. हे काहीच माहीत नव्हतं. माझ्या भाचीने अगदी असाच कार्यक्रम निवडलाय, आत्ताच तिला धाग्याचा दुवा पाठवते.

पायवाट

@किल्लारीचा, दोनदा वाचलं. मग तुम्ही स्वतः तिथे काय केलंत? म्हणजे इंजिनिअर नसलेल्या माणसाने तिथे जाऊच नये का?

किल्लारीचा

सरकारने घर पुन्हा बांधायला तीन लाख नेपाळी रुपयांचं अनुदान दिलं होतं, पण हप्त्यांत. पाया झाला, तपासला, मग पुढचा हप्ता. आमच्यासारख्यांचं काम त्या तपासणीच्या आधीचं. गवंड्याबरोबर उभं राहायचं. दगडमातीच्या भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड बसलाय का, खिडकीच्या खालून-वरून भिंतीभोवती सलग पट्टा फिरलाय का, कोपऱ्यावर तो तुटलेला तर नाही, एवढंच बघायचं. किल्लारीत हजारो माणसं मेली ती याच आरपार दगडांवाचून: भिंतीचा बाहेरचा थर आणि आतला थर वेगळे झाले आणि मधली माती घेऊन खाली आले. हे मी तिथल्या गवंड्यांना माझ्या गावच्या गोष्टीतून सांगायचो. हिंदी त्यांना कळायची आणि त्यांचंही गाव तसंच पडलेलं होतं. फार काही समजवावं लागलं नाही.

त्याच गावात युरोपातून आलेली मुलं दगड वाहायची. मनाने चांगली पोरं. पण दगड वाहायला गावात माणसं होती आणि त्यांना त्या रोजाची गरज होती. फुकट दगड वाहणारा आला की कुणाचा तरी रोज जातो. इंजिनिअर नसलेल्याने जाऊ नये असं मी म्हणत नाही. आपल्याला जे येतं त्याची तिथे खरोखर वाण आहे का, हे तिथल्या माणसालाच विचारावं, एजन्सीला नको. तुम्ही टेस्टर आहात. एखाद्या सहकारी संस्थेची हिशेबाची संगणकप्रणाली लावून द्याल, चार स्थानिक मुलींना ती शिकवून याल, तर तुम्ही गेल्यावरही काम चालू राहील.

गावाकडचा_माणूस

सगळं ठीक आहे, पण मुळात परदेश कशाला? हेमलकसाला १९७३ पासून लोकबिरादरी उभी आहे. गडचिरोलीतच शोधग्रामला 'निर्माण'ची शिबिरं होतात, तुमच्याच वयाच्या मुलामुलींसाठी. स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' फेलोशिप आहे, तेरा महिने खेड्यात राहायचं, वर मानधनही मिळतं. भामरागडच्या पुढे पावसाळ्यात गावंच्या गावं तुटतात. तिथे इंग्रजी-गणित शिकवणारं कोणी मिळत नाही आणि आपण विमानाचं तिकीट काढून दुसऱ्याच्या देशात शिकवायला निघालो. हे मला मनापासून खटकतं. राग मानू नका.

रानमोगरा

+१. मलाही असंच वाटत आलंय.

सातासमुद्र

@गावाकडचा_माणूस, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण असहमत. मी दोन्ही केलंय, म्हणून लिहिते.

इथे काम करताना मी 'पुण्याहून आलेल्या मॅडम' होते. खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, माझं चुकलं तरी कोणी तोंडावर बोलायचं नाही. जर्मनीत मी रांगेतली सगळ्यात शेवटची होते. भाषा अर्धवट, काम येत नाही, थंडीने बोटं फुटलेली. परक्या ठिकाणी खालच्या पायरीवर उभं राहून काम शिकणं, याची सर मला तरी इथे मिळाली नसती.

पायवाट, तुला 'फ्रायविलिगेस सोत्सियालेस यार' माहीत आहे का? जर्मनीतलं स्वयंसेवेचं सामाजिक वर्ष. वृद्धाश्रम, अपंगांच्या संस्था, बालवाड्या, रुग्णालयं, कुठेही. आपल्याकडून जाणाऱ्यांना त्यासाठी रीतसर व्हिसा मिळतो. पैसे आपण भरायचे नाहीत. संस्था खिशाखर्च देते, सामाजिक विम्यात आपलं नाव घालते, बऱ्याच ठिकाणी राहायला खोली देते. साधारण बारा महिने असतं, त्यात २५ दिवस शिबिरांचे, सगळ्या स्वयंसेवकांना एकत्र बसवून. अट एकच, सत्तावीस पूर्ण व्हायच्या आत सुरू करायचं. भाषा मात्र हवी. कागदावर काहीही असो, बी-वन म्हणजे मधल्या पातळीच्या जवळ नसाल तर संस्था मुलाखतीतच सोडून देतात.

मी पूर्वेला, सॅक्सनीतल्या एका लहान गावात वृद्धाश्रमात होते. सकाळची पाळी साडेसहाला. पहिलं काम आज्यांच्या पायात ते घट्ट दाबाचे मोजे चढवणं. ऐकायला सोपं वाटतं. मोजा आधी टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत घालायचं, मग सुरकुती न पडू देता गुडघ्यापर्यंत ओढत न्यायचं. सुरकुती राहिली तर दिवसभरात कातडीवर वळ उठतो. सुरुवातीला एकेका पायाला मला इतका वेळ लागायचा की आजी झोपून जायच्या. एक आजी स्मृतिभ्रंशाच्या होत्या. रोज मला विचारायच्या, "तू कुणाची?" मी रोज सांगायचे, भारतातून आलेय. एक दिवस मी माझ्या आईचं नाव सांगितलं. तेवढं मात्र त्यांनी लक्षात ठेवलं. मला नावाने कधी ओळखलं नाही, पण आईचं नाव घेऊन "ती बरी आहे ना?" एवढं शेवटपर्यंत विचारत राहिल्या.

उपयोगाचं म्हणशील तर तिथे कामाला माणसं कमी पडतात, त्यामुळे मी गेल्याने कुणाचा रोज बुडाला नाही.

नागपूरची_संत्री

सातासमुद्र, शेवटचा परिच्छेद वाचून डोळे भरून आले. माझी आजी आठवली.

गावाकडचा_माणूस

@सातासमुद्र, 'पुण्याच्या मॅडम'चा मुद्दा पटला. आमच्याकडे येणाऱ्या शहरी मुलांना आम्हीच खुर्ची देतो, हे खरं आहे. पण मग परत येऊन ते शिकलेलं इथे कामाला आणा, एवढी तरी अपेक्षा ठेवू ना?

सातासमुद्र

ठेवाच. मी आता पुण्यात ज्येष्ठांच्या दिवसभराच्या केंद्रात शनिवारी जाते. मोजे चढवायला मीच लागते सगळ्यांना.

खादाड_भटक्या

युरोपातल्या शेतांबद्दल: 'वूफ' १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालं. सेंद्रिय शेतावर दिवसाचे काही तास काम, बदल्यात राहणं-जेवण. कल्पना उत्तम, माणसंही बहुतेक चांगली भेटतात. पण मेख व्हिसात आहे. पैसे हातात येत नाहीत म्हणजे ते काम नव्हे, असं आपल्याला वाटतं. न्यूझीलंडसारखे देश कामाच्या बदल्यात मिळणारी खोली आणि जेवण हा मोबदलाच धरतात, म्हणजे कामाचा व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि एकूण ३० दिवसांपर्यंतच. खासगी शेत त्यात बसत नाही. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि वर्षभराच्या बेताला ते पुरत नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा विमानतळावर खरं बोलला की शेतावर राहून काम करणार आहे. पुढच्या विमानाने परत. पासपोर्टवर तो शिक्का बसला की नंतरच्या प्रत्येक अर्जात त्याचा खुलासा द्यावा लागतो.

खोटं बोलून आत जा असं मी अजिबात सुचवत नाहीये. ज्या कामाला व्हिसा आहे तेच काम निवडा.

मुलीची_आई

मी इथे आईच्या बाजूने लिहिते. माझी मुलगी आत्ता ऑस्ट्रेलियात आहे, 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसावर. भारतासाठी हा २०२४ मध्ये खुला झाला, वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, सोडतीने नाव लागतं. सोडतीत नाव घालायला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. तिच्या मैत्रिणींची नावं लागली नाहीत, हिचं लागलं. वर्षभर फिरता येतं, काम करता येतं, पण एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. तिने आधी एका शेतावर द्राक्षं खुडली. आम्ही सांगलीचे, तेव्हा द्राक्षं हिला नवी नव्हती, कात्री कशी धरायची हे तिने मालकाला दाखवलं म्हणे. आता एका गावात अपंग मुलांच्या घोडेस्वारीच्या वर्गात रविवारी मदत करते, ते बिनपगारी, स्वतःच्या आवडीने.

ब्रिटनचीही अशी योजना आहे, 'यंग प्रोफेशनल्स'. ३,००० जागा, पदवी हवी, खात्यात २,५३० पौंड दाखवायचे, दोन वर्षं राहता येतं. तीही सोडतच.

आता आईचं. पायवाट, तुझ्या आईला लग्नाची घाई आहे असं तू म्हणतेस. मला विचारशील तर तिला भीती वाटते आणि भीतीला लग्न हे एकच उत्तर तिला ठाऊक आहे. माझ्या मुलीने आम्हाला एक वही करून दिली. कुठे राहणार त्याचे पत्ते, घरमालकाचा फोन, विम्याचा क्रमांक, वकिलातीचा क्रमांक, खात्यात किती आहेत, परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे कुठे ठेवलेत. ती वही बघितल्यावर तिचे बाबा पहिल्यांदा म्हणाले, "बरं, बोल, कधी जायचंय?" तू आईशी स्वप्नांबद्दल बोलू नकोस, वहीबद्दल बोल.

हिंजवडीकर

काकू, ही वही मी माझ्या टीमलाही करायला सांगणार आहे. प्रोजेक्ट प्लॅन याहून चांगला होत नाही.

पायवाट

काकू, खूप खूप आभार. आज रात्री आईला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

निवृत्त_नाशिककर

मंडळी, मी ६३ वर्षांचा. बँकेतून निवृत्त. हे सगळं तरुणांसाठीच आहे का? गुडघे शाबूत आहेत, सौ.ची परवानगी आहे. तीही येईल म्हणते, तेव्हा परवानगी म्हणावी की अट, हे तुम्हीच ठरवा.

खादाड_भटक्या

काका, तुमच्यासाठी एक जागा डोळ्यांसमोर आहे. स्पेनमधला 'कामिनो', सांतियागो दे कॉम्पोस्तेलाला चालत जायची जुनी यात्रा. फ्रान्सच्या सीमेकडून निघालात तर जवळपास ८०० किलोमीटर. वाटेवर यात्रेकरूंसाठी मुक्कामाच्या जागा असतात, काही फक्त ऐच्छिक देणगीवर चालतात आणि तिथे 'होस्पितालेरो' म्हणजे यजमान स्वयंसेवक असतात. पंधरा दिवसांची पाळी असते. आधी स्वतः कामिनो चाललेलं असावं लागतं आणि छोटं प्रशिक्षण घ्यावं लागतं. दुपारी दार उघडायचं, लोकांचे पाय बघायचे, फोडांना पट्ट्या द्यायच्या, रात्री सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात रांधायचं, सकाळी सगळे निघाले की झाडलोट. मी चाललो तेव्हा भेटलेले बरेचसे यजमान साठीच्या पुढचेच होते. वारीत वाटेवरची गावं वारकऱ्यांसाठी जे करतात, अगदी तेच. काकूंना पिठलं-भात करू द्या तिथे, यात्रेकरू जन्मभर नाव काढतील.

सातासमुद्र

आणि काका, जर्मनीत सत्तावीसची अट नसलेली दुसरी योजनाही आहे, 'बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट'. २०११ मध्ये सक्तीची लष्करभरती थांबवली तेव्हा सुरू झाली, तिला वरची वयोमर्यादा नाही. पायवाट, तुझी सत्तावीसची तारीख हुकली तरी हे दार उघडं आहे.

वेळासकर

कासवांचं कोणी लिहिलं नाही, तर मी लिहितो. मी मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं येतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने काम सुरू केलं आणि गावाने ते उचलून धरलं. त्यातूनच पुढे मी कोस्टारिकाला तोर्तुगेरोला गेलो. तिथे १९५९ पासून कासवांवर काम चाललंय. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळे कोस्टारिकाचा वेगळा लागला नाही.

काम रात्रीचं. काळी वाळू, चंद्र नसेल तर स्वतःचा हात दिसत नाही. पांढरा दिवा लावायचा नाही, लागलाच तर लाल, तोही क्षणभर. पायाखालच्या वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखा पट्टा लागला की थांबायचं. हिरवं कासव खड्डा खणत असताना जवळ जायचं नाही, बिथरून समुद्रात परत जातं. अंडी घालायला लागलं की मात्र ते आपल्याच तंद्रीत असतं. तेवढ्या वेळात मागून पोटावर झोपायचं, हातमोजा घातलेला हात खड्ड्यात धरायचा आणि पडणारी अंडी मोजायची. गरम, ओली, कवच मऊ. शंभराच्या वर जातात. पुढच्या वल्ह्यासारख्या पायांवर धातूचा बिल्ला असेल तर क्रमांक लिहायचा, नसेल तर नवा लावायचा. त्याच किनाऱ्यावर जॅग्वार कासवं मारतात, त्यामुळे एकट्याने फिरायला सक्त मनाई.

त्या कामाला पैसे भरावे लागतात, हे आधीच सांगतो. ते राहण्या-जेवणाला आणि संशोधनाला जातात, हिशेब मागितला की देतात. तिथे आपण गेलो काय, न गेलो काय, काम थांबत नाही. पण रात्रभर किनारा चालायला माणसं लागतात आणि ती माणसं आपण होऊ शकतो, एवढं खरं.

पायवाट, आधी वेळासला ये. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं निघतात. पहाटे उठवून नेतो, पहाटे उठणं झेपतं का ते कळेल. गावात घरगुती राहायची सोय आहे, उकडीचे मोदक मिळतील.

खादाड_भटक्या

मोदक म्हणालात, मी आलोच.

डॉ_मिरज

आरोग्याचं राहिलं होतं. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत पीतज्वराच्या पट्ट्यातल्या देशात जाणार असाल तर पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घ्या आणि लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड जपून ठेवा. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, नंतर आयुष्यभर चालते. कार्ड नसेल तर भारतात परतताना सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. प्राण्यांबरोबर काम असेल तर रेबीजची आधी घ्यायची मात्रा घ्या. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जेनेरिक नावांसह, आणि गोळ्या मूळ पाकिटातच. मनाचंही बघा. वृद्धाश्रमात मृत्यू जवळून दिसतो. कुणाशी बोलायचं हे निघण्याआधी ठरवून ठेवा.

रानमोगरा

डॉक्टर, हे शेवटचं कुठल्याच यादीत सापडत नाही. धन्यवाद.

पायवाट

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

नेपाळचा आश्रम रद्द. एजन्सीला आज ईमेल केली की तुमच्या आश्रमातल्या मुलांपैकी किती जणांचे आईवडील हयात आहेत आणि त्यांना घरी परत पाठवायला तुम्ही काय करता? उत्तरात पुन्हा शुल्काचा तक्ता आला. माझ्यापुरतं तेवढं पुरे.

अकरावी-बारावीला जर्मन होती, ए-टू पर्यंत झालं होतं. मॅक्स म्युलर भवनाच्या पुढच्या तुकडीत नाव घालते. सत्तावीस व्हायला अजून नऊ महिने आहेत. जमलं तर सामाजिक वर्ष, नाही तर दुसरी योजना. वृद्धाश्रमच हवा असं मनात आहे. माझे आजोबा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि ते सगळं आईने एकटीने केलं. मी तेव्हा परीक्षा, मग नोकरी. आईला काकूंचं वाचून दाखवलं. लग्नाबद्दल काही बोलली नाही, पण मोज्यांचा परिच्छेद तिने पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाली, "असे मोजे आपल्याकडे मिळतात का? अण्णांना हवे होते."

@गावाकडचा_माणूस, तुमचा मुद्दा सोडलेला नाही. परत आल्यावर निर्माणच्या शिबिराला अर्ज करणार आहे, वयात बसत असेन तर.

@वेळासकर, मार्चमध्ये येतेय. आईलाही घेऊन.

गावाकडचा_माणूस

जा आणि ये. भामरागडला आलीस तर आमच्याकडे खुर्ची मिळणार नाही, शब्द दिला.

सातासमुद्र

पायवाट, घाई कर. सामाजिक वर्षाच्या बहुतेक जागा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात आणि संस्था हिवाळ्यातच मुलाखती घेतात. व्हिसाच्या भेटीची तारीख मिळायलाही वेळ लागतो. बी-वनची परीक्षा नंतर दे, अर्ज आधी पाठव. अर्जात मागचे अनुभव भाराभर लिहू नकोस. आजोबांबद्दल जे इथे लिहिलंस तेच लिही. मसुदा झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, जर्मन तपासून देते.

निवृत्त_नाशिककर

@खादाड_भटक्या, कामिनोला कोणत्या महिन्यात निघावं? सौ.नी रोज गोदाघाटापर्यंत चालायला सुरुवात केली आहे आणि मला मागे टाकते.

खादाड_भटक्या

काका, मे किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टचं ऊन आणि गर्दी दोन्ही टाळा. बूट आत्ताच घ्या आणि तेच घालून घाटावर चाला, नवे बूट घेऊन तिथे जाऊ नका. अर्धा नंबर मोठा घ्या, चालून पाय सुजतात.